अधिक जमिनीला

नेनू गेला त्याला पाच वर्षं झाली.
त्याची राखाडी मॉरिस मायनर
सिज्जीवीच्या चुनखडी गॅरेजात
समुद्राचं मीठ अंगावर घेत उभी होती.
ईस्टरच्या सुट्टीत चेत्ताचा भाचा आला
नवी बॅटरी घेऊन, हौसेने.
काळं टोक बॉडीला, लाल तिकडे,
सगळं जग जोडतं तसंच.
बॉडीकडून येणारी कडी काळ्या टोकावर सैल बसत होती.
काहीतरी सांगत होती ती.
त्याने पत्र्याचा तुकडा खुपसून तिला गप्प केलं.

दिवे लागले.
स्टार्टर खोकला, फिरला.
दिव्यांना कळत नाही प्रवाह कुठून आला,
स्टार्टरलाही नाही.
रेडिओला कळलं.
जाळीतून एक बारीक धूर,
आणि चेत्ता, जी माझ्यादेखत कधी रडली नव्हती
(मी तिची पगारी सोबतीण, औषधं नि आंघोळ बघणारी),
म्हणाली, त्याचं स्टेशन लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी विस्तीन आला.
सिगरेट दाराबाहेर, उंबऱ्यापासून चार पावलांवर विझवली.
बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती,
तिचा वायू दिसत नाही, ठिणगीची वाट बघतो.
मागे मार्विक, त्याची चुलत नात,
संस्थेत विजेच्या गाड्या शिकणारी.
तिच्या पिशवीत हजार व्होल्टचे हातमोजे.
घालण्याआधी ती त्यात हवा कोंडते, कानाशी धरते,
सुईएवढं भोक फुसफुसतं का ऐकते.
इथे मात्र बॉनेट उघडलं उघड्या हातांनी,
साखरपुड्याच्या अंगठीसकट.
"बारा व्होल्ट," ती म्हणाली. "चावत नाहीत."

विस्तीनने डावा हात पुढे केला.
अनामिकेभोवती गुळगुळीत, गुलाबी वळं.
"चावत नाहीत. डागतात."
बेडफर्ड ट्रक, एक्क्याऐंशीचा उन्हाळा,
पान्याचं एक टोक बॅटरीवर, दुसरं त्याच्या मुठीत,
अंगठी पाना आणि चॅसी यांच्या मधे.
आधी वास आला. दुखलं नंतर.
"लग्न टिकलं. अंगठी कापावी लागली."

मार्विकने अंगठी काढून चेत्ताकडे दिली.
चेत्ताने मूठ मिटली.

कड्या सोड्याच्या पाण्याने घासल्या,
पत्र्याचा तुकडा खाली पडला, टिण्ण.
बॅटरी उलटी फिरवून ठेवली.
मार्विक लाल टोकाकडे वळली: लाल आधी, काळं शेवटी,
पाठच होतं तिला.
"रंग विसर," विस्तीन म्हणाला. "वेणी कुठे जाते ते बघ."
तांब्याची ती चपटी वेणी
बॅटरीच्या लाल टोकापाशी सुरू होऊन
बॉडीच्या पत्र्यात मुरत होती.
"जे गाडीच्या अंगाला बांधलंय,
ते सोडताना आधी, जोडताना शेवटी.
हिने अधिकला जमीन मानलं.
तू कोण तिला शिकवणारी?"

जमिनीला इथे 'आर्त' म्हणतात.
आमच्याकडचा वायरमन विचारतो, अर्थ दिलाय का?
मला हसू आलं, आणि तिथेच अडकलं.
काय झालं, चेत्ताने विचारलं.
कोणत्या भाषेत सांगायचं ते मला सुचेना.

काळं आधी लावलं. मग लाल.
शेवटच्या स्पर्शाला एक पिटुकली ठिणगी,
बस्स, मुंगीच्या डोळ्याएवढी.
मायनर लागली. गॅरेजच्या छतातले पारवे उडाले.
बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्विकने
खडूने लिहिलं ठळक: अधिक जमिनीला.
पुढच्या भाच्यासाठी.

रेडिओ काढू का, विस्तीनने विचारलं.
राहू दे, चेत्ता म्हणाली.
काटा होता तिथेच होता.
त्याने फक्त वायर तोडली,
उघड्या टोकावर काळी टेप गुंडाळली, दोन वेढे.
चेत्ताने मूठ उघडून अंगठी परत केली,
तळहातावर तिचा गोल ठसा.
खिडकीतून वाकून तिने ते टोक पाहिलं.
"अजून एक वेढा घाल," म्हणाली.